कोरोनातले पैसे नेमके कुठल्या खात्यात पडले?

पुण्यात नोकरी, गावाकडे वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर चार-दोन एकर रान, आणि सुट्टीला गेल्यावर "तूच बघ बाबा ते ऑनलाइनचं" म्हणत कुणीतरी हातात दिलेली कागदांची पिशवी. सोलापूर जिल्ह्यातल्या अशा मुला-मुलींसाठी, सुना-जावयांसाठी हे लिहितोय. पिशवीत बहुतेक दोन-तीन पासबुकं निघतात. त्यांतलं एक कधीच न भरलेलं असतं. शिवाय घडी पडून पडून फाटलेलं आधार, जुना हस्तलिखित सातबारा आणि गावच्या कर्ज सोसायटीच्या पावत्या. पिशवीबरोबर एक तक्रारही येते : "कोरोनात सगळ्या गावाला पैसे पडले, आपल्यालाच नाही पडले."

एवढ्या तक्रारीवर तहसीलला जाऊ नका. तिथे पहिला प्रश्न "कुठले पैसे?" असा येतो, आणि त्याचं उत्तर नसलं की हेलपाटे सुरू होतात.

आधी ठरवा, कुठले पैसे

कोरोनाच्या काळात शेतकऱ्याच्या घरात पाच-सहा वाटांनी पैसे येत होते. गावात सगळ्यांना मिळून "कोरोनाचे पैसे" असं एकच नाव पडलं. प्रत्येक वाटेचं खातं वेगळं, यादी वेगळी आणि ऑफिसही वेगळं होतं.

पहिली वाट पीएम-किसानची. २६ मार्च २०२० ला केंद्राने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतकऱ्यांना २,००० रुपये एप्रिलच्या सुरुवातीलाच देतो असं सांगितलं आणि ते दिलेही. पण ते जादा नव्हते. वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात, त्यातला एप्रिल ते जुलै या काळात कधीही पडणारा हप्ता तेवढा लवकर सोडला. योजनेच्या मोजणीने तो पाचवा हप्ता. म्हणजे एप्रिल २०२० मध्ये २,००० पडले असतील तर "कोरोनाचे" मिळाले. वेगळे दोन हजार असे नव्हतेच. हे घरात आधी समजावून सांगा, निम्म्या घरांतली तक्रार इथेच मिटते. त्या उन्हाळ्यात मार्केट बंद पडून द्राक्षं आणि कलिंगडं रानात अडकली होती, आणि दोन हजार रुपये एकरभर बागेच्या फवारणीतच संपतात. तेव्हा ही मदत केवढी मोठी होती, याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तरी हक्काचे पैसे ते हक्काचे.

दुसरी वाट आईच्या किंवा आजीच्या जनधन खात्याची. एप्रिल, मे, जून २०२० असे तीन महिने महिलांच्या जनधन खात्यांवर दरमहा ५०० रुपये आले. याचा शेतीशी काही संबंध नाही. सातबारा कुणाच्या का नावावर असेना, खातं बाईमाणसाचं आणि जनधनचं हवं होतं. बँकेपुढे झुंबड नको म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकाप्रमाणे दिवस वाटून दिले होते. शून्य आणि एकवाल्यांना ३ एप्रिल, आठ आणि नऊवाल्यांना ९ एप्रिल. तोंडाला पदर बांधून उन्हात काढलेली रांग तुमच्या आईला आठवत असेल तर पैसे मिळाले असं धरायला हरकत नाही.

तिसरी, इंदिरा गांधी योजनेतल्या वृद्ध, विधवा आणि दिव्यांग पेन्शनधारकांना दोन टप्प्यांत मिळून १,००० रुपये. ही छोटी बाब आहे, पासबुकात बघून घ्या आणि पुढे चला.

चौथी वाट आपल्या जिल्ह्यासाठी सगळ्यात मोठी, आणि नेमकी तीच लोक विसरतात. १४ ऑक्टोबर २०२० च्या आसपास जो पाऊस कोसळला आणि भीमेला जो पूर आला, त्याचं अनुदान. २३ ऑक्टोबरला राज्याने १०,००० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जिरायत आणि बागायत पिकांना हेक्टरी १०,००० आणि फळबागांना हेक्टरी २५,००० रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. डाळिंबाची दोन हेक्टर बाग पंचनाम्यात पूर्ण धरली गेली असेल तर ५०,००० होतात. पैसे टप्प्याटप्प्याने आले, त्यामुळे पासबुकात एकच आकडा शोधत बसाल तर फसाल. हा पैसा कोरोनाचा नव्हे, अतिवृष्टीचा. पण वर्ष तेच असल्यामुळे घराघरांत दोन्ही एकमेकांत मिसळले आहेत. शोधण्यासारखी रक्कम मात्र इथेच आहे.

पाचवी, महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती. ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ करण्याची ही योजना. याद्या फेब्रुवारी २०२० मध्ये लागायला लागल्या आणि लॉकडाऊनने काम रेंगाळलं. हे पैसे हातात येणारे नव्हते, कर्जखात्यात जमा होणारे होते. त्याची चौकशी सोसायटीच्या सचिवाकडे किंवा कर्ज देणाऱ्या बँकेत करायची, तहसीलला नव्हे.

शेवटची वाट दुःखाची. कोरोनाने घरातलं माणूस गेलं असेल तर वारसाला ५०,००० रुपये सानुग्रह सहाय्य होतं. सर्वोच्च न्यायालयाने अर्जाची मुदत ठरवून दिली होती. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी २४ मार्च २०२२ पासून ६० दिवस, त्यानंतरच्या मृत्यूंसाठी मृत्यूपासून ९० दिवस. दोन्ही मुदती केव्हाच संपल्या. अजूनही कुणी "करून देतो, पाच हजार द्या" म्हणत असेल तर त्याला वाटेला लावा.

मग बँक, ऑफिस नंतर

माझ्या अनुभवात "न आलेले" पैसे पुष्कळदा आलेले असतात. फक्त ज्या खात्याकडे कुणी बघत नाही अशा खात्यात पडून असतात. म्हणून पहिलं काम म्हणजे घरातली सगळी पासबुकं, अगदी बंद पडलं म्हणून कपाटात टाकलेलंही, एकत्र करा आणि प्रत्येक बँकेत जाऊन १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२१ चा खातेउतारा मागा. पासबुक भरून घेण्यावर थांबू नका. जुन्या नोंदी मशीन पुष्कळदा एकत्र करून एकाच ओळीत छापतं, त्यातून काही कळत नाही. उताऱ्यासाठी साध्या कागदावर अर्ज चालतो, आणि खातं ज्याच्या नावावर त्याची सही किंवा अंगठा लागतो. म्हणजे वडिलांना बरोबर न्यायला लागतं. फोनवर हे होत नाही.

आता एक बारकावा, जो नवख्याला सहसा कुणी सांगत नाही. २०२० मधले पीएम-किसानचे पैसे आणि आजचे पैसे एकाच रस्त्याने जातात असं नाही. २०१९ च्या सुरुवातीला तलाठ्यांनी आणि ग्रामसेवकांनी गावोगावी फॉर्म भरून घेतले, त्यावर जो खाते क्रमांक लिहिला तिकडे सुरुवातीचे हप्ते गेले. आता हप्ता आधार क्रमांकाच्या मागे जातो. आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलं, ती बँक. त्यामुळे जुने हप्ते जिल्हा बँकेत आणि नवे हप्ते भलत्याच खात्यात, असं एकाच माणसाच्या बाबतीत होऊ शकतं. गॅसच्या सबसिडीसाठी, बचत गटासाठी किंवा कुठल्या तरी कॅम्पात उघडलेलं खातं असतं, तिथे अंगठा लावताना आधारही जोडलं गेलेलं असतं आणि माणसाला पत्ताच नसतो.

बँकेत गेल्यावर "आधार लिंक आहे का?" असं विचारू नका. उत्तर "आहे" असंच येणार, कारण केवायसीला आधारची झेरॉक्स दिली की तेही लिंकच. विचारायचं असं : "एनपीसीआयला आधार सीडिंग आपल्या बँकेचं आहे का? डीबीटी इथे येईल का?" हे दोन वेगळे प्रकार आहेत. केवायसीचं लिंक म्हणजे बँकेला तुमचं आधार माहीत आहे. सीडिंग म्हणजे सरकारचे थेट खात्यात येणारे पैसे (डीबीटी) कुठल्या बँकेत ढकलायचे, ते एनपीसीआय या बँकांना जोडणाऱ्या मधल्या संस्थेच्या नोंदवहीत लिहिलेलं आहे. या नोंदवहीत एका आधारपुढे एकाच वेळी एकच बँक असते. आधारच्या संकेतस्थळावर, मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी टाकून, कोणती बँक जोडलेली आहे आणि ती चालू आहे की नाही ते घरबसल्या दिसतं. बँकेत जाण्याआधी हे बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

सीडिंग बदलायचं असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे सीडिंगचा संमतीअर्ज द्यावा लागतो. शाखेत रांग मोठी असली, किंवा कारकून "पुढच्या आठवड्यात या" म्हणत असला, तर सरळ पोस्टात जा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन अंगठा घेऊन उघडून देतो आणि सीडिंगही तिथेच होतं. लॉकडाऊनमध्ये घरपोच पैसे देणारे हेच पोस्टमन होते. आधारवर अंगठा लावून एका वेळी १०,००० पर्यंत रोख देता येते. म्हाताऱ्या माणसासाठी मी तर पोस्टाचंच खातं सुचवतो. त्यावर कर्ज नसतं, आणि कर्ज नसणं किती सोयीचं ते पुढे येईलच.

खातं सापडलं पण बंद आहे, असंही होतं. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की बँक ते निष्क्रिय धरते. घाबरू नका, रक्कम कुठेही जात नाही. आधार, पॅन असेल तर पॅन आणि फोटो देऊन केवायसी पुन्हा केली की खातं चालू होतं.

आणखी एक गुंता त्या वर्षाचा खास आहे. १ एप्रिल २०२० ला म्हणजे ऐन लॉकडाऊनमध्ये सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत विलीन झाली. त्याआधी वर्षभर देना आणि विजया बँक बडोद्यात गेल्या होत्या. खाते क्रमांक काही ठिकाणी टिकले, पण आयएफएससी कोड पुढे बदलले. तुमच्या घरचं खातं यांपैकी एखाद्या बँकेत असेल आणि २०२१ नंतर काहीच पडलं नसेल, तर संशय आधी इथे घ्या. सोलापूर जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा मेळ घालणारी बँक, बँक ऑफ इंडिया आहे. एखादी शाखा दादच देत नसेल तर अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाच्या कार्यालयात लेखी अर्ज देता येतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

खात्यात पैसे पडले, पण काढायला गेल्यावर "होल्ड आहे, कर्ज थकलंय" असं सांगितलं? नैसर्गिक आपत्तीच्या अनुदानाच्या शासन निर्णयांत बँकांनी मदतीच्या रकमेतून वसुली करू नये, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्या शासन निर्णयाची प्रत काढा, अर्जाला जोडा आणि शाखाधिकाऱ्याकडे द्या. एक प्रत तहसीलदारांना, एक सहायक निबंधकांना. तोंडी भांडण करू नका. पोच घेतलेला अर्ज ज्या वेगाने होल्ड काढतो तो वेग आवाज चढवून मिळत नाही.

पीएम-किसानचं स्टेटस वाचायला शिका

संकेतस्थळावर स्टेटस बघायला नोंदणी क्रमांक लागतो. तो नसला तर मोबाइल किंवा आधार टाकून तिथेच मिळवता येतो. मग जे पान उघडतं त्यावर तीन गोष्टी महत्त्वाच्या : लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली असणं), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आणि आधार-बँक सीडिंग. तिन्हीपुढे "यस" हवं. एकाही ठिकाणी "नो" असेल तर हप्ता अडकलेला आहे, आणि "नो" कुठे आहे त्यावर कुणाकडे जायचं ते ठरतं.

बँक सीडिंग "नो" असेल तर वर सांगितलं तसं बँक किंवा पोस्ट. ई-केवायसी "नो" असेल तर मोबाइलवर ओटीपीने होते. मोबाइल जोडलेला नसेल तर सेवा केंद्रात थम द्यावा लागतो. रानात राबून बोटांच्या रेषा गेल्या असतील आणि थम उठत नसेल तर योजनेच्या मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून ई-केवायसी होते. २०२३ पासून ही सोय आहे, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तीच सगळ्यात बरी. उजेडात बसवा, टोपी-पटका काढायला सांगा.

लँड सीडिंग "नो" असेल तर मात्र काम जमिनीच्या नोंदीचं आहे, ते तहसीलकडे जातं. नोंदणीतली दुरुस्ती, मंजुरी, बंद पडलेला लाभ सुरू करणं ही कामं कृषी खात्याकडे आहेत, म्हणजे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. सुरुवातीची वर्षं सगळं महसूलकडे होतं, त्यामुळे गावातली जुनी माणसं अजून तहसीलचाच रस्ता दाखवतात. दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवू लागली तर स्टेटसच्या पानाची छापील प्रत पुढे ठेवा आणि "नो" वर पेनाने गोल करा.

जुन्या हप्त्यांचं काय? नोंदणी २०२० च्या आधीची असेल आणि एखाद्या त्रुटीने हप्ते अडकले असतील, तर त्रुटी निघाल्यावर ते मिळण्याची तरतूद आहे. पण नाव त्यानंतर घातलं असेल तर नोंदणीच्या आधीचे हप्ते मागे जाऊन मिळत नाहीत. म्हणजे २०२१ ला नाव घातलं असेल तर एप्रिल २०२० चे दोन हजार तुमचे नव्हतेच. शोध थांबवा.

हे सगळं आज करण्याचं आणखी एक कारण आहे. राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी, म्हणजे वर्षाला आणखी ६,००० रुपये, पीएम-किसानच्याच यादीवर चालतो. त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीतून सुटला. एका ठिकाणी "नो" असलं की दोन्हीकडचे पैसे थांबतात, वर्षाला बारा हजार.

सातबाऱ्यावरचं नाव

इथे घाई करू नका. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, तो आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) दोन्ही काढा. आता आधार शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे एकच माणूस सातबाऱ्यावर "बाबू", आधारवर "बाबुराव" आणि पासबुकात इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग घेऊन फिरतो. आडनावांचंही तसंच. सीमेकडच्या अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कानडी वळणाची नावं मराठीत लिहिताना हमखास बदलतात. बदलायला सोपं काय, तर पासबुक. त्यानंतर आधार, आणि सगळ्यात अवघड सातबारा. म्हणून सातबाऱ्यावरचं नाव धडधडीत चुकलेलं नसेल तर बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या.

नाव ज्यांचं आहे ते हयात नसतील तर आधी वारस नोंद. कोरोनात गेलेल्या माणसांची नावं अजून सातबाऱ्यावर आहेत, अशी घरं जिल्ह्यात कमी नाहीत. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची आधारं घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून "भाऊसाहेब"च. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही अर्ज होतो. फेरफार (नावबदलाची नोंद) धरल्यावर नोटिशीचे १५ दिवस जातात, हरकत नसली तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. बहिणींची नावं गाळून अर्ज देऊ नका. कायद्याने त्या वारस आहेतच, आणि पुढे हरकत आली तर नोंद वर्षानुवर्षं लटकते. २०२५ मध्ये राज्यात "जिवंत सातबारा" मोहीम सुरू झाली. मयतांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठीच ती काढली. भाऊसाहेबांकडे मोहिमेचं नाव घेऊन बोला, काम हलतं.

पीएम-किसानला १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख अडसर ठरते. त्या दिवशी जमीन नावावर हवी. त्यानंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने आलेली जमीन चालत नाही. वारसाने आलेली मात्र चालते. वडील गेले, त्यांचा लाभ बंद झाला आणि तुमचं किंवा आईचं नाव लागलं, तर नवीन नोंदणी करता येते. त्यासाठी आता शेतकरी ओळख क्रमांक आधी लागतो. गावात त्याला "फार्मर आयडी" म्हणतात. सेवा केंद्रात आधार आणि सातबारा नेला की तो निघतो. तो नुसता पीएम-किसानसाठी नाही. आपत्तीचं अनुदानही आता त्याच्याच आधारे खात्यावर जातं. सप्टेंबर २०२५ ला सीना नदीने माढा-मोहोळकडे रानं खरवडून नेली, तेव्हा ज्यांच्याकडे आयडी नव्हता त्यांची धावपळ झाली.

लाभ कुटुंबाला एक, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. दोघांच्या नावावर वेगळं रान असलं तरी हप्ता एकालाच. घरात आयकर भरणारा कुणी असेल, चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी नोकरदार असेल किंवा दरमहा १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन असेल तर अपात्र. पुण्यात तुम्ही स्वतः कर भरता म्हणून वडील अपात्र होत नाहीत. सज्ञान मुलगा त्या व्याख्येतल्या कुटुंबात येत नाही. पण वडिलांनीच मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरला असेल तर होतात. २०२० च्या अखेरीला अशा करदात्यांना वसुलीच्या नोटिसा निघाल्या होत्या. पिशवीत तसली नोटीस सापडली तर ती खाली सरकवून ठेवू नका. अपात्र असाल तर पैसे परत करायची सोय योजनेच्या संकेतस्थळावरच आहे, आणि पावती जपून ठेवा. पात्र असूनही नोटीस आली असेल तर लेखी खुलासा द्या.

ऑक्टोबर २०२० चं अनुदान शोधताना

हे काम चिकाटीचं आहे. तेव्हा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांनी पंचनामे केले. ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान झालेली क्षेत्रं धरली, गावच्या याद्या तहसीलला गेल्या आणि तहसीलने बँकनिहाय याद्या करून रक्कम पाठवली. चूक तीन जागी होऊ शकते. पंचनाम्यात नाव नसणं, यादीत खाते क्रमांक चुकणं, किंवा जमिनीचं खातं सामायिक असताना एकाच्याच नावाने सगळं अनुदान जाणं. तिसऱ्या प्रकारात पैसे चुलत्याच्या खात्यात पडलेले असतात, आणि ते सरकारकडून पुन्हा मिळत नाहीत. ती गोष्ट चावडीत नव्हे, घरात बसून मिटवायची.

पहिल्या दोन प्रकारांसाठी आधी भाऊसाहेबांकडे गावची यादी बघायला मागा. मिळाली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज. जोडपत्र "अ" मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. मजकूर थोडका ठेवा : "मौजे अमुक, गट क्रमांक अमुक, खातेदार अमुक यांच्या ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीच्या पंचनाम्याची प्रत, मंजूर अनुदानाची रक्कम, ती पाठवल्याचा दिनांक, बँक व शाखा, आणि रक्कम परत आली असल्यास त्याचा तपशील." सगळ्या गावाची खाती मागू नका, दुसऱ्यांची खासगी माहिती म्हणून अर्ज नाकारायला निमित्त मिळतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

उत्तरात "रक्कम शासनाकडे समर्पित" असा शब्द दिसला तर समजा, तुमचे पैसे निघाले होते, खाते क्रमांक चुकल्याने परत आले आणि तिजोरीत गेले. मग फेरमागणीचा अर्ज तहसीलदारांकडे द्यायचा, सोबत माहिती अधिकाराचं उत्तर आणि चालू खात्याच्या पासबुकाची झेरॉक्स. इतक्या जुन्या रकमेची फेरमागणी मंजूर होईलच असं मी म्हणणार नाही. पण पंचनाम्यात नावच नसेल तर आज त्यावर काही होत नाही. तिथे वेळ घालवण्यापेक्षा वारस नोंदीला घालवा.

पीकविमा यात मिसळू नका. ते प्रकरण कंपनीचं, भरलेल्या हप्त्याचं आणि तेव्हाच्या ७२ तासांच्या पूर्वसूचनेचं आहे.

तक्रार आणि तारखा

पीएम-किसानचा मदत क्रमांक १५५२६१. फोन लागायला वेळ लागतो, पण नोंदणी क्रमांक सांगितला की हप्ता कुठे अडकला ते सांगतात. लेखी तक्रारीला राज्याचं आपले सरकार पोर्टल आहे. तिथल्या तक्रारीचा टोकन क्रमांक घेऊन तालुक्याला गेलात की माणसं फाइल उघडतात. प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, जायची वेळ आली तर आधी बघा, ऑफिस तालुक्याच्या गावीच आहे असं नाही. माढा-करमाळ्याचा प्रांत कुर्डुवाडीला बसतो, माळशिरसचा अकलूजला.

व्हॉट्सॲपवर "पीएम किसान" नावाची एपीके फाइल आली तर घरातल्या प्रत्येक फोनमधून ती काढून टाका. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. फाइल उघडून पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन करा, दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊ असं म्हणू नका.

सुट्टी कधी टाकायची तेही बघून घ्या. आषाढीच्या आधीचे दहा-पंधरा दिवस पंढरपूर आणि माळशिरसचा महसूल कर्मचारी वारीच्या बंदोबस्तात असतो, कार्तिकीलाही थोडंफार तसंच. सोलापुरात संक्रांतीला गड्ड्याची यात्रा. मार्चअखेर तहसीलला वसुलीची धांदल आणि बँकेत वर्षअखेर. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी बरा. मंगळवारी-बुधवारी जा, सोमवारी साहेब बहुधा जिल्ह्याच्या बैठकीला असतात. जाताना वडिलांना, त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून, आणि दोन पासपोर्ट फोटो घेऊन जा.